काटा समोरून बघायचा

भोसरीहून चिंचवडला जाणाऱ्या बसमध्ये कस्तुरा ओव्हाळला खिडकीजवळची जागा मिळाली, आणि शेजारी एक तरुण येऊन बसला. त्याच्या मांडीवर लाकडी पेटी होती, चष्म्याच्या घराहून थोडीच मोठी. बस सुटल्याबरोबर त्यानं पेटी उघडून एक चकचकीत वस्तू बाहेर काढली. वर वाकडी पट्टी, तिच्यावर आखलेली घरं, केसाएवढा काटा आणि खाली बारीकशी दांडी.

कस्तुरा ट्रकच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीत इन्स्पेक्शनला होती. दिवसभर काटे आणि घरं बघायची. सुट्टी झाली तरी नजरेला सुट्टी नसायची. तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं, गप्प बसायचं ठरवलं... आणि पुढच्या थांब्यापर्यंतसुद्धा तिला गप्प बसवलं नाही.

"झिरो चुकतोय तुमचा."

"काय?"

"काटा हो. शून्यावर नाही. अर्धं घर पुढं आहे. कुठल्या गेज कंपनीचे तुम्ही? असला माल आमच्याकडून परत येईल."

त्यानं काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. पेटीतला छोटा गोल ठोकळा काढून त्यावर ती दांडी टेकवली आणि सगळं हळूच तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "आता बघा, ताई. समोरून."

काटा शून्यावर होता. अगदी रेघेवर.

कस्तुराच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काटा बाजूनं बघायचा नाही, समोरून बघायचा – नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच ती दटावून सांगायची.

"चालत्या बसमध्ये कुणालाही..." ती पुटपुटली. "पण मोजतं काय हे? दाब?"

"दाब. डोळ्याचा. काटा वाकला होता, इथल्या वर्कशॉपमधून सरळ करून आणला."

डोळ्याचा म्हटल्यावर तिचं हसू ओठांवरच थांबलं. "असलंच काहीतरी आमच्या अण्णांच्या डोळ्यावर ठेवतात. मी बाहेर उभी असते, म्हणून ओळखलं नाही." मग, अनोळखी माणसाला सांगू नये एवढं तिनं सांगून टाकलं. अण्णांना काचबिंदू. उजवा डोळा गेला. डाव्याची पुण्यात दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही फुकट गेली. सोमवारी चिंचवडला इंदुताई म्हणून मोठ्या डॉक्टर आहेत, त्यांना दाखवायचं.

"मग सोमवारी भेटू," पेटी मिटत तो म्हणाला. "मी त्यांच्याच हाताखाली आहे. विलास तांबे."

१९८१ सालचा जून होता तो.

*

सोमवारी दवाखान्यात विलास सगळ्यांना ताई म्हणत होता. नर्सताई, झाडूवाल्या ताई, कुणाची आई, कुणाची बायको – सगळ्या ताई. कस्तुरा अण्णांचा हात धरून आत आली तेव्हा तो उठून उभा राहिला. "या, ता..." म्हणता म्हणता थांबला. "या. बसा ना."

अण्णा म्हणजे भीमराज ओव्हाळ, औषधाच्या कंपनीतून रिटायर झालेले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. कस्तुरा एकुलती. वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचला जाई, आणि तेरा-चौदा वर्षं तो अण्णाच वाचत आले होते. ऐकणाऱ्यांत निम्म्या बायका अक्षर न ओळखणाऱ्या. त्यांच्यासाठी ग्रंथाचा आवाज म्हणजे भीमराजचा आवाज.

"डाक्टर," तपासून झाल्यावर अण्णा म्हणाले, "दिसतंय तेवढं ऱ्हाऊ द्या, बास. पर पौर्णिमेला मला वाचायला बसायचं हाय."

इंदुताईंनी उत्तर द्यायच्या आधी विलासकडे पाहिलं, आणि विलासनं एका काचेच्या वाटीकडे.

वाटीत दोन नळ्या होत्या. इंदुताईंनी परदेशातल्या एका परिषदेहून आणलेल्या. मागच्या व्हरांड्यात विलासनं कस्तुराला सगळं समजावून दिलं. डोळ्यात पाणी तयार होत राहतं. ते झिरपून जायची वाट बुजली की दाब चढतो आणि मागची नस मरत जाते. पुण्याच्या डॉक्टरांनी नवी वाट कोरून दिली होती, पण अण्णांच्या शरीरानं ती जखम समजून भरून काढली. दोन्ही वेळा. म्हणून आता वाट उघडी ठेवणारी नळीच बसवायची.

"ही पहिली. हिच्या टोकाला व्हॉल्व्ह आहे. दाब ठरावीक हद्दीवर गेला की उघडतो, उतरला की मिटतो. एकच ऑपरेशन, दुसऱ्या दिवसापासून काम सुरू."

"आणि ही?" दुसऱ्या नळीला शर्टाच्या बटणाएवढी पातळ चकती होती.

"हिला व्हॉल्व्हच नाही. चकती पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिवायची आणि थांबायचं. सहा-आठ आठवड्यांत शरीर तिच्याभोवती पिशवी तयार करतं. मग दुसरं ऑपरेशन, तेव्हा नळी डोळ्यात सोडायची. पाणी त्या पिशवीत जातं, तिथून हळूहळू झिरपतं."

"पहिल्याच दिवशी सोडली तर?"

"अडवायला काहीच नाही. सगळं पाणी वाहून जाईल, डोळा बसेल."

"मग यात विचार कसला? व्हॉल्व्हवाली घाला," कस्तुरा म्हणाली. "व्हॉल्व्ह मला कळतो."

विलास हसला. पाकीट फाटलेली, पेशंटला न चालणारी एक व्हॉल्व्हची नळी त्याच्याकडे होती. ती त्यानं सलाइनच्या बाटलीला जोडून तिच्या हातात दिली. "करा इन्स्पेक्शन."

तिनं बाटली वर उचलली. टोकाला थेंब आला, दुसरा आला. खाली आणली, थेंब थांबला. पुन्हा वर, पुन्हा खाली. एवढीशी वस्तू, पण किती शहाणी! कस्तुराचा चेहरा फुलला. "पास! हिरवं लेबल लावा."

"तुमच्या कंपनीत एक नमुना किती वेळा उघडून-मिटून बघतात?"

"लाख वेळा. मशीनला लावूनच ठेवतो, महिनाभर चिखल, धूळ, तेल... तेव्हा कुठं..." ती थांबली.

"आणि माझ्याकडे चार वेळा बाटली हलवली की लेबल?"

"मुद्दाम फसवलंत मला!"

"नाही. मीही असाच फसलो होतो." तो आता हसत नव्हता. "चिखलीच्या रुक्मिणीबाईंना हीच बसवली. पाच महिने उत्तम. मग दाब पुन्हा वर. व्हॉल्व्ह ठणठणीत होता, त्याच्या तोंडापुढे मांस वाढून रस्ता बंद झाला होता. चकती ती जागा मोकळी राखते, म्हणून ती जास्त टिकावी, असं मला वाटतं."

"म्हणजे व्हॉल्व्ह वाईट?"

"वाईट कसा? एखाद्याचा डोळा आजच दगडासारखा झाला असेल, थांबायला वेळच नसेल, तर इंदुताई व्हॉल्व्हच घालतील. अण्णांना गोळ्यांवर दोन महिने थांबवता येईल. पण दर आठवड्याला दाब बघावा लागेल. आणि..." त्यानं खोलीकडे पाहिलं. "पौर्णिमेचं वाचन चुकेल."

तिथंच सगळं अडलं. खोलीत परत येऊन सांगितल्यावर अण्णांनी मान हलवली ती नकाराचीच. "ह्या वक्ताला वाचू द्या, फुडचं फुडं."

"अण्णा, एकच डोळा आहे. यंदा मी वाचीन."

"आनि कंपनीत ओव्हरटाइम लागला म्हंजी? आठवड्यातनं तीनदा तर लागतोय. त्या दिशी कोन वाचंल?"

कस्तुरा बोटांवर ओव्हरटाइमचे दिवस मोजू लागली.

"मी वाचीन," विलास म्हणाला.

तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं. इंदुताईंनी तर चष्मा काढून पाहिलं.

"आमच्या गावी चिपळूणकडे आजोबा वाचायचे," तो घाईघाईनं म्हणाला. "मी मांडीवर झोपून जायचो ते सोडा. पण दाब बघायला यायचंच आहे. त्याच दिवशी... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर."

अण्णांनी चाचपून त्याचा हात धरला. मग हसले. "तुमी निजायचं न्हाई मातूर."

*

चकती जुलैच्या सुरुवातीला बसली. आणि ठरल्याप्रमाणे ओव्हरटाइमच्या दिवशी पेटी घेऊन डॉक्टर वस्तीत येऊ लागला.

अण्णा खाटेवर आडवे होत. डोळ्यात बधिर करणारा थेंब घालून विलास ते यंत्र हलकेच बुबुळावर टेकवी. कस्तुरा तोवर कामावरून परतलेली असली की त्याआधी तिचा प्रश्न ठरलेला.

"झिरो पाहिलात?"

"पाहिला."

"समोरून?"

"समोरूनच. काही लोक बसमध्ये बाजूनं बघतात, तसं नाही."

"आणि काटा कमी सरकला की दाब जास्त! उलटंच आहे तुमचं सगळं."

"डोळा कडक असला की दांडी आत जात नाही, काटा हलत नाही. कडक माणसांचं असंच असतं, वरून काही कळत नाही."

"हे कुणाला?"

"यंत्राबद्दल बोलतोय मी... अहो, यंत्राबद्दल."

एकदा ती कंपनीतून लवकर सुटली. पाऊस सारखा लागून राहिलेला. विहाराच्या दारात छत्री मिटताना आतून त्याचा आवाज आला, आणि ती बाहेरच थांबली. तो घाईनं वाचत होता, कोकणी हेल काढत, वाक्यांना धाप लागेल अशा वेगानं.

"ओ डाक्टर," शेजारच्या सोजरबाईंनी मध्येच अडवलं, "ग्रंथ हाय त्यो, गोळ्यांची चिठ्ठी न्हवं! सकाळ-दुपार-सांज केल्यागत काय वाचताय? सावकाश. भीमराज कसा वाचतो? एक वळ वाचली की आमच्या तोंडाकडं बघतो. कळलं का न्हाई ते बघतो."

"चुकलं मावशी. पुन्हा वाचतो."

त्यानं पुन्हा वाचलं. सावकाश. ओळ संपली की मान वर करून एकेकीकडे बघत. तिसऱ्या-चौथ्या ओळीला मान वर झाली तेव्हा दारात कस्तुरा उभी होती, पदराच्या टोकावरून पाणी ठिबकत असलेली. पुढची ओळ त्याला काही केल्या सापडेना.

"बोट ठेवावं ओळीवर," कस्तुरा हळूच म्हणाली, आणि आत येऊन बायकांत बसली. वाचन संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. पण कान... कान काही कुणाला खाली घालता येत नाहीत.

घरी जाताना सोजरबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "एक इचारू? ह्यो डाक्टर मला मावशी म्हनतो, सुनंला ताई म्हनतो. तुला गं काय म्हनतो?"

"मला... काही नाही म्हणत. अहो म्हणतो."

"तेच म्हनते मी. नुस्तं अहो!"

कस्तुरानं छत्री उगाचच खाली ओढली.

*

ऑगस्टच्या मध्यावर काटा दोनच घरं सरकला.

विलासनं यंत्र पुसलं, ठोकळ्यावर टेकवून पाहिलं, पुन्हा डोळ्यावर ठेवलं. दोनच घरं. आता त्याचा अर्थ कस्तुराला सांगावा लागत नव्हता. ती त्याच्यामागून अंगणात आली.

"व्हॉल्व्ह घातला असता तर हे झालं नसतं."

"आज झालं नसतं."

"मग?"

"मग कदाचित दिवाळीनंतर झालं असतं. त्या वेळी हातात काही उरलं नसतं."

"हे तुम्हाला नक्की माहीत आहे?"

गटारापलीकडे कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या.

"नाही," तो म्हणाला. "नक्की नाही. चकती टिकण्याची शक्यता जास्त दिसते, एवढंच. इंदुताईंच्या हाताखाली अशा मोजक्याच चकत्या बसल्या आहेत. अण्णांचा डोळा त्यातला एक."

"मग एवढ्या ठामपणे कसं सांगितलंत? वर वाचायला यायचं काय, हसायचं काय... मी तुमच्या बोलण्याला भुलले म्हणून हो म्हटलं की काय, तेच मला कळेनासं झालंय!"

विलासचा चेहरा उतरला. "तेच होऊ नये म्हणून..." तो एवढंच म्हणाला आणि पुढचं गिळलं. "गोळी चालू ठेवा. मी उद्या येतो. रोज येतो."

तो गेला. खोटं खोटं का होईना, "नक्की" म्हणाला असता तर तिला त्या रात्री झोप लागली असती. पण मग त्याच्या कुठल्याच काट्यावर तिनं पुन्हा भरवसा ठेवला नसता, हेही तिला अंथरुणावर पडल्या पडल्या कळत होतं. रागाच्या आत असं काहीतरी दुसरंच निघालं, की माणसाला स्वतःचीच चीड येते.

कोडं सोडवलं सोजरबाईंनी. सकाळी पाणी भरताना त्या सहज म्हणाल्या, "गोळी अर्धीच खातोय तुजा बाप. अर्धी मोडून खिडकीतनं टाकतोय. माज्या तुळशीत पडत्यात तुकडं."

अण्णा आधी कबूल होईनात. मग पोरासारखे रुसून बसले. "बोटांना मुंग्या येत्यात त्या गोळीनं. पानच उलटंना झालंय."

"कसलं पान?"

त्यांनी उशीखालचा ग्रंथ दाखवला. डोळ्यावर ताण नको म्हणून वाचत नव्हते, पण कस्तुरा कामावर गेली की नुसती पानं उलटायची सवय ठेवत होते. कुठलं पान कुठं ते बोटांनी ओळखायचं. पुढच्या वर्षी बसायचं तर हात तयार हवा.

कस्तुराला हसू आवरेना आणि डोळेही. त्या दिवसापासून गोळी तिच्यासमोर, अख्खी. पाचव्या दिवशी काटा चांगला सहा घरं सरकला.

"मी त्या दिवशी फार बोलले," यंत्र पुसणाऱ्या विलासला ती म्हणाली.

"बाजूनं पाहिलं असेल," तो म्हणाला. तेवढंच. पण पेटीचं झाकण त्याला दोनदा लावावं लागलं.

*

दुसरं ऑपरेशन सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. इंदुताईंनी चकतीची नळी डोळ्यात सोडली. आता भीती उलटी होती – दाब फार उतरला तर? पिशवी पक्की झाली नसेल तर? पट्टी रोज निघायची, विलास रोज वाकून बघायचा आणि काही न बोलता नवी पट्टी बांधायचा. कस्तुरा खोलीच्या दारात उभी. या वेळी ती बाहेर गेली नव्हती.

आठवडा सरता सरता एका सकाळी पट्टी निघाली आणि अण्णा तिच्याकडे टक लावून बघत राहिले.

"कस्तुरा."

"काय अण्णा?"

"कानातलं एकच का घातलंयस गं?"

तिनं कानाला हात लावला. धांदलीत खरंच एकच घातलं होतं. इंदुताई मोठ्यानं हसल्या. विलास मात्र खिडकीकडे तोंड करून उभा राहिला, आणि त्यानं चष्मा काढून बराच वेळ पुसला. चष्म्यावर काहीच नव्हतं.

*

आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता. विहारात बसायला जागा नव्हती. शेवटच्या भागापर्यंत कस्तुरानं वाचलं. शेवटचं पान आलं तेव्हा तिनं ग्रंथ उचलून अण्णांच्या पुढ्यात ठेवला.

अण्णांनी ओळीवर बोट ठेवलं. पहिल्या शब्दाला आवाज कापला, दुसऱ्याला सावरला. एक ओळ वाचून त्यांनी मान वर केली आणि समोरच्या तोंडांकडे पाहिलं, कळलं का न्हाई ते बघायला. सोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. ऐकून ऐकून सगळं पाठच होतं त्यांना, तरीही. अर्ध्या पानावर अण्णा थांबले, डोळा मिटून घेतला, पुन्हा उघडला आणि शेवटच्या शब्दापर्यंत गेले.

मग खीर वाटली गेली. आपली वाटी घेऊन कस्तुरा बाहेर आली तर भिंतीला टेकून विलास उभा. आज त्याच्याजवळ पेटी नव्हती.

"यंत्र कुठं?"

"नाही आणलं. अण्णा आता माझे पेशंट नाहीत."

"म्हणजे?"

"कालपासून इंदुताई स्वतः बघतायत. मीच तसं मागितलं."

"का? आमचं काही चुकलं?"

"मला एक बोलायचं होतं. डॉक्टर म्हणून नाही. आधी बोललो असतो, तर नळी कुठली हे सांगताना माझा शब्द तुम्हाला सल्ला वाटला असता की आर्जव? तुम्ही अंगणात तेच विचारलंत. म्हणून थांबलो. थांबणं काही मला येत नाही, पण..."

विहारात भांड्यांचे आवाज होते, आणि चंद्र पत्र्याच्या छपरावर लख्ख पडला होता.

"सगळ्या जगाला ताई म्हणता," कस्तुरा खिरीकडे बघत म्हणाली. "बसमध्ये मलाही म्हणाला होतात."

"एकदाच. सोमवारी तुम्ही दारातून आत आलात, आणि मग जमेना."

"मग काय म्हणायचं ठरवलंय?"

"कस्तुरा. चालेल?"

तिची नजर त्याच्या शर्टाच्या खिशापाशी, थोडी कडेला, नेहमीसारखी. चार महिने ती त्याला अशीच बघत आली होती – खाटेपलीकडून, दारातून, छत्रीच्या कडेखालून.

"झिरो पाहिलात?" शेवटी तिनं विचारलं. आवाज तिला हवा होता तेवढा कडक निघाला नाही.

"पाहिला. माझं काही हललेलं नाही. पण तुम्ही अजून बाजूनंच बघताय."

कस्तुरानं मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. सरळ, समोरून, जितका वेळ लागतो तितका वेळ घेऊन.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

विहाराच्या दारातून सोजरबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. "कोन हाय गं तिकडं?"

विलास भिंतीपासून दचकून दूर झाला. कस्तुरा जागची हलली नाही.

"आमी हाय, सोजरआत्या," तिनं मोठ्यानं सांगितलं. "दोघं."